मिरगाच्या आधी गाडीची रबरं कशी सांभाळावीत

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय. गाडी सात वर्षांची, अंगणात उघड्यावर उभी असते. दारांची रबरं ताठ झालीत. मागच्या पावसाळ्यात पुढे डाव्या बाजूला पायाखाली पाणी साचलं. बंपरचं आणि चाकांवरच्या कमानीचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलंय. समृद्धीवर शंभरच्या पुढे गाडी गेली की दारातून शिट्टी वाजते. वॉशिंगवाल्याने सल्ला दिला, "दर महिन्याला डिझेलचा हात मारत जा, नव्यावानी राहतंय." तसं करावं का, आणि नसेल करायचं तर काय करावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, डिझेलचा हात मारू नका. आजवर मारला असेल तर आधी तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. मी लातुरात सव्वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग आणि बॉडी फिटिंगचं काम करतो. माझ्याकडे बदलायला आलेल्या दारांच्या रबरांपैकी बरीचशी उन्हाने गेलेली नव्हती, कुणीतरी प्रेमाने काहीबाही चोळल्यामुळे गेलेली होती. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आजकालच्या गाड्यांच्या दाराला आणि डिकीला जे काळं रबर असतं, ते बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं. ऊन, पाऊस, गरमी, हवेतला ओझोन हे सगळं सोसायला ते चांगलं आहे. पण खनिज तेलाशी त्याचं जमत नाही. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, व्हॅसलिन ही सगळी एकाच घरातली. यातलं काहीही लावलं की त्या दिवशी रबर काळंभोर आणि मऊ दिसतं, आणि माणूस तिथेच फसतो. तेल आत मुरतं, रबर फुगतं, त्याचा आकार बिघडतो. पुढे ते तेल उडून गेलं की रबराला मऊ ठेवणारा अंशही त्याच्यासोबत निघून गेलेला असतो. मग रबर आधीपेक्षा कडक होतं, आणि आपण पुन्हा डिझेल लावतो.

औशाकडच्या एका मुकादमाची गाडी माझ्याकडे आली होती. दार लागत नाही, लॉक बदलून द्या म्हणाले. लॉक बिघडलेलं होतंच, पण त्याच्या आधी दाराचं रबर बघितलं. फुगून लांबी वाढल्यामुळे ते पत्र्याच्या कडेवरून सुटून लाटांसारखं वर आलं होतं. दार त्या लाटेवर आपटत होतं, माणसं जोर लावून आदळत होती, आणि त्या आदळण्यानेच लॉक गेलं होतं. वर्षभर दर पंधरा दिवसांनी गाडीला डिझेल-वॉश होत होता. चारही दारांची बीडिंगं, म्हणजे ही रबरं, बदलावी लागली.

खोबरेल तेलाचंही लोक विचारतात. ते डिझेलइतकं घातक नाही, पण आपल्याकडे ते लावू नये. कारण धूळ. काळ्या रानातली बारीक माती आणि रस्त्याच्या कामाचा मुरूम तेलकट रबरावर बसला की त्याची पेस्ट होते, आणि दार उघडता-लावता ती पेस्ट पॉलिश पेपरसारखी रबरही घासते आणि समोरचा रंगही. तुमच्या दाराच्या चौकटीवर रबर टेकतं त्या रेषेत रंग मंद झाला असेल, तर तो असाच गेलाय.

आता काय करायचं ते सांगतो. दाराचं रबर एकदा बोटांनी नीट चाचपून बघा. त्याचे दोन भाग असतात. खालचा ताठ भाग पत्र्याच्या कडेला चावून बसतो, त्याच्या आत धातूची पट्टी असते. वर मऊ, पोकळ नळी असते. दार लागलं की ही नळी दबते आणि फट बुजते. नळीला मध्येमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं दिसतील. ती फाटलेली नाहीत, कारखान्यातूनच आलेली आहेत. दार लावताना आतली हवा त्यातून बाहेर जाते. मी लोकांना ती भोकं फेव्हिक्विकने बुजवताना पाहिलंय. तसं केलं की नळी फुग्यासारखी वागते आणि दार मागे ढकलते.

बादलीभर पाण्यात कार शॅम्पूचे थोडे थेंब टाका. मऊ फडकं त्यात बुडवून, घट्ट पिळून, रबर पुसा. नळीची पाठ पुसून थांबू नका. नळी बोटाने एका बाजूला दाबा आणि तिच्या मुळाशी जी खाच आहे तिथे फडकं फिरवा. सगळी माती तिथे असते. पहिल्या वेळी फडकं चार-पाच वेळा धुवावं लागेल, इतकं काळं पाणी निघतं. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं. दार उघडं ठेवून सावलीत अर्धा तास वाळू द्या. प्रेशरच्या पाण्याचा नोझल रबराच्या जवळ नेऊ नका, हातभर लांब ठेवा. जवळून मारलेली धार रबराची कडही उचलते आणि आतही शिरते.

रबर पूर्ण वाळल्यावर त्याला सिलिकॉनचा पातळ हात द्यायचा. थेट रबरावर फवारू नका. स्प्रे फडक्यावर मारा, फडकं रबरावरून फिरवा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचा भाग पुसून टाका. हाताला तेलकट लागता कामा नये. सिलिकॉन स्प्रे घेताना डब्यावर वाचा. "सिलिकॉन" लिहिलेलं हवं, आणि त्यात पेट्रोलियम तेल मिसळलेलं नको. गंज सोडवायला वापरतात तो स्प्रे वेगळा, तो इथे चालत नाही. सिलिकॉन मिळालं नाही तर मेडिकलमधलं ग्लिसरीन थोड्या पाण्यात मिसळून फडक्याने लावा आणि तसंच कोरडं पुसा. ईपीडीएमला ग्लिसरीनचा त्रास नाही.

एक गोष्ट मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचं दार रंगवायचं होतं, आणि त्याच सकाळी मी बाजूच्या दाराच्या रबराला सिलिकॉन फवारलं. रंग मारल्यावर त्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उठले. सगळा रंग घासून परत मारावा लागला. गाडीचं पेंटिंग करून घ्यायचं असेल तर त्याआधी सिलिकॉन लावू नका, आणि लावलं असेल तर पेंटरला तसं सांगा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पुढच्या काचेवरही ते उडू देऊ नका.

हा सिलिकॉनचा हात वर्षातून दोनदा पुरतो, एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. फडक्याने पुसणं मात्र महिन्यातून एकदा हवंच. आपल्या हवेत या दोन्हींतलं पुसणंच जास्त कामाचं आहे.

आता पाण्याचं. ताई, पायाखाली पाणी आलं की सगळे दाराच्या रबराला दोष देतात, आणि नवं बीडिंग बसवूनही पाणी येतच राहतं. म्हणून आधी एवढं आठवा, पाणी पावसातच येतं की कोरड्या दिवशी एसी लावल्यावरही येतं? एसी चालू असताना डाव्या बाजूला पायापाशी ओल येत असेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. रबराचा त्यात काही संबंध नाही.

पावसातच येत असेल तर बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळी बघा. गाडी कडुलिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहत असेल तर तिथे पानांचा लगदा साचलेला असतो, पाणी जायची भोकं बुजतात, आणि पन्हळ भरली की पाणी केबिनमध्ये उतरतं. हाताने पानं काढा, तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली सांडतंय का बघा.

ते ठीक असेल तर दाराकडे या. दाराच्या काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते तसंच बनवलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. काळी माती या भोकांत बसली आणि भिजून फुगली की भोक बंद. मग दारात पाणी डुचमळतं, दार हलवलं की आवाज येतो, आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा आतून गंजून फुगतो. काडी किंवा जुना टूथब्रश घेऊन ती भोकं मोकळी करा. याला पैसा लागत नाही, आणि दाराचा पत्रा वाचवणारं याच्याइतकं मोठं काम दुसरं नाही.

दाराच्या आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक कागद चिकट लगद्याने लावलेला असतो. दारातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर बदलताना तो फाडून ठेवलेला मी असंख्य गाड्यांत पाहिलाय. तुमच्या गाडीला नंतर स्पीकर बसवले असतील तर माझा पहिला संशय त्यावरच आहे. पॅड काढून कागद परत नीट चिकटवला की काम होतं.

नक्की कुठून येतंय हे कळायला दोन माणसं आणि पाण्याचा पाइप लागतो. पायाखालचं मॅट काढा. एकजण टॉर्च घेऊन आत बसा. दुसऱ्याने पाइपला नोझल न लावता, हळू धारेने, खालून सुरुवात करायची. आधी फक्त दाराचा उंबरा भिजवायचा, तीन-चार मिनिटं. मग दाराची मधली उंची, मग काच, मग छताची कड. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. ज्या उंचीला आत पहिला थेंब दिसेल तिथे दोष.

शिट्टीसाठी याहून सोपी तपासणी आहे. दार लावताना दहाची नोट रबर आणि चौकटीच्या मध्ये धरा, दार बंद करा, नोट ओढा. ती अडखळत, घासत यायला हवी. सहज निसटली तर तिथे दाब नाही. असं वीतभर अंतराने दारभर करा. हातभर लांबीत नोट सैल असेल तर तिथे रबर बसलंय, म्हणजे दबून कायमचं चपटं झालंय. पण वरच्या मागच्या कोपऱ्यापासून सगळीकडेच थोडी थोडी सैल असेल तर बहुधा दार खाली आलंय किंवा लॉकचा कडा सरकलाय. खांबावरचा तो कडा, ज्यात लॉक अडकतं, स्टार बिटने ढिला करून एक-दोन मिलिमीटर आत घेतला की कित्येकदा शिट्टी बंद होते. ढिला करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून घ्यायची, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

धूळही तुम्हाला जागा दाखवते. पाणंदीच्या रस्त्याने शेतात जाऊन आलात की दारं उघडा आणि रबराच्या आतल्या बाजूला बघा. रबर नीट टेकतंय तिथे चौकट स्वच्छ असते. जिथून हवा शिरते तिथे पिठासारखी बारीक धुळीची रेघ आत गेलेली दिसते, बोटाएवढी रुंद. डिकीच्या रबराला हे हमखास बघा. गाडी चालताना तिच्या मागे हवेची पोकळी होते आणि ती धूळ आत ओढते, धुरासकट. मागच्या सीटवर लेकरं बसत असतील तर डिकीचं रबर दाराच्याही आधी ठीक करा.

समृद्धीवर कारला 120ची मर्यादा आहे. गावच्या रस्त्यावर साठ-सत्तरने कधी न ऐकलेला आवाज तिथे पहिल्यांदा ऐकू येतो, त्याने घाबरून जाऊ नका. जायच्या आधी दाराच्या फटीवर, बाहेरून, मास्किंग टेप लावून बघा. आधी फक्त पुढची कड, मग वरची, मग आरशाच्या बुडाची. ज्या टेपने आवाज बदलला तिथे फट. आरशाच्या बुडाचं छोटं रबर आकसलेलं मला बऱ्याचदा सापडतं, आणि लोक चारही दारांची बीडिंगं बदलून बसलेले असतात.

काचेच्या खाचेत जे रबर असतं त्याला आतून मखमलीसारखी लव असते. काच जड झाली, वर जाताना कण्हते, तर त्या लवेत धूळ भरली आहे. काच खाली घ्या, जुन्या टूथब्रशला ओलं पातळ फडकं गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसा, वाळू द्या, मग स्प्रेच्या डब्याला त्याची बारीक नळी लावून सिलिकॉनचा कोरडा स्प्रे अगदी थोडा मारा आणि काच चार-पाच वेळा वर-खाली करा. ग्रीस लावलं तर आठ दिवस काच लोण्यासारखी चालते आणि नंतर त्या ग्रीसमध्ये माती जमून मोटर जाते. उन्हाळ्यात एक सवय लावून घ्या, धुळीने भरलेली काच पुसल्याशिवाय खाली घेऊ नका. काचेवर उभ्या रेघा पडतात त्या अशानेच.

काळ्या प्लास्टिकचं दुखणं वेगळं. ते रबर नसतं, बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर भुकटीसारखा होतो. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, ऊन थेट डोक्यावरून उतरतं. तुमची गाडी अंगणात रोज एकाच तोंडाने उभी राहते का बघा. जी बाजू रोज उन्हाकडे राहते ती आधी पांढरी पडते, म्हणून आठवड्याला तोंड फिरवत जा.

पण पांढरं दिसतं ते सगळं उन्हाचं नसतं. रंगाच्या कडेला लागून पांढरे फराटे असतील तर ते पॉलिशचे आहेत, ते शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने घासून निघतात. ओघळाच्या किंवा थेंबाच्या आकाराचे डाग असतील तर ते बोअरच्या जड पाण्याचे. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी क्षार घेऊन येतं आणि उन्हात गाडी धुतली की थेंब जागेवरच वाळतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. संडास धुवायचं आम्ल लावू नका, क्रोम आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याने कायमची डागाळते. पुढच्या वेळी गाडी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर धुवा आणि लगेच कोरडी पुसा.

सगळीकडे सारखं करडं झालं असेल तर ते ऊन. ब्रशने शॅम्पू लावून स्वच्छ धुवा, वाळवा, मग दुधासारखं दिसणारं, पाण्यात बनवलेलं ट्रिम ड्रेसिंग लावा. पारदर्शक, तेलकट, चकाकणारं ड्रेसिंग घेऊ नका. ते धूळ ओढतं आणि पहिल्या पावसात रंगावर ओघळतं. जास्त टिकाऊ हवं असेल तर प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग मिळतं. ते महाग पडतं, आणि खालचा पृष्ठभाग अगदी तेलविरहित असेल तरच धरतं. बुटाचं पॉलिश लोक लावतात, ते पावसात सुटतं आणि साडीला, पॅन्टला लागतं. हीट गनने कडक गरम हवा मारून काळं करून देणारे कारागीर आहेत. काही महिने काळं दिसतं, पण एखाद्या सेकंदाची चूक झाली की प्लास्टिक वितळून तिथे चकाकणारा डाग पडतो. मी ते करत नाही.

वायपरच्या रबराला काहीही लावू नका, सिलिकॉनसुद्धा नाही. ओल्या फडक्याने कड पुसा, तेवढंच. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ते तापलेल्या काचेवर चिकटून पडून असतं. कड वाकडी किंवा चिरलेली दिसली तर पहिल्या पावसाची वाट न बघता बदला.

इतकं करूनही दाराचं रबर बोटाने दाबल्यावर परत वर येत नसेल, तर ते बसलं. कोणत्याही क्रीमने ते उठत नाही. बदलायला घेताना जमलं तर तुमच्या मॉडेलचं, कोपरे घडवलेलं रबर घ्या. बाजारात मीटरवर मिळतं तेही चालतं, पण जुन्याचा तुकडा सोबत न्या आणि नळीची जाडी व पत्र्याच्या कडेची खाच दोन्ही जुळवून बघा. नळी जाड निघाली तर दार लागणार नाही, बारीक निघाली तर शिट्टी तशीच राहील. बसवणाऱ्याजवळ उभं राहून दोनच गोष्टी बघा. एक, सांधा खाली उंबऱ्याच्या बाजूला यावा, वर नाही. दुसरी, रबर ओढून बसवू नये. ओढून बसवलेलं रबर त्या दिवशी छान दिसतं आणि महिन्याभरात आकसून सांध्याशी बोटभर फट पडते. उलट सेंटिमीटरभर लांब ठेवून कापून, दाबत दाबत बसवायला सांगा. पहिले आठ-दहा दिवस दार जरा जोराने लावावं लागेल. ते रबर जागा घेतंय, लॉक ढिला करून घेऊ नका.

तुमच्या गाडीचं मला पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मी याच क्रमाने जाईन. आधी जाळीतली पानं आणि दाराची भोकं, मग स्पीकरमागचा कागद, मग नोटेची तपासणी. पहिली दोन कामं या रविवारी घरीच होतील. पाइपची तपासणी सकाळी करा, म्हणजे भिजलेलं कार्पेट आणि त्याखालचा फोम दिवसभरात दारं उघडी ठेवून वाळवता येईल. ओला फोम तसाच राहिला तर खालचा पत्रा गंजतो आणि वास जात नाही.